रोलरची कंबर

अविनाशच्या डब्यात त्या दिवशी तीन भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा आणि स्टेअरिंगविषयी चार सूचना होत्या. सूचनांचा कागद त्याची बायको अर्पिता नेहमी डब्याच्या झाकणात घडी घालून ठेवी, म्हणजे भाकरीला हात लावण्याआधी तो वाचावाच लागे. एक, इंजिन बंद असताना स्टेअरिंग ओढू नये. दोन, उतारावर इंजिन बंद करू नये, कारण इंजिनाबरोबर स्टेअरिंगही जातं. तीन, इंजिन चालू असताना रोलरच्या कंबरेपाशी कोणालाही उभं राहू देऊ नये. चार, पाणी पिणे. चौथी सूचना कंपनीच्या पुस्तकातली नव्हती.

कंपनीचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ठेकेदाराने ते रस्ता दाबायच्या रोलरबरोबर अविनाशच्या हातात देताना सांगितलं होतं, "हे सांभाळून ठेव, वाचू नको." अविनाशने ते घरी आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. बी.एस्सी. झालेल्या अर्पिताने दुसऱ्याच दुपारी लेक रेवा झोपल्यावर ते उघडलं आणि महिनाभरात दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून काढलं. पानांचे आकडेसुद्धा पुस्तकातलेच ठेवले. चित्रं मात्र तिला नीट जमली नाहीत. तिने काढलेला रोलर थोडा म्हशीसारखा दिसत होता.

वाचण्याचं हे वेड तिला माहेरच्या मेहकरहून आलेलं नव्हतं. ते सासरी आल्यावर लागलं. लग्नाच्या वर्षी सगळ्या गावाच्या कपाशीची बोंडं गुलाबी अळीने आतून पोखरली. बीटी बियाण्याला अळी लागतच नाही असं सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त अळीला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा अर्पिताला सासूच्या कोठीत बियाण्याचं एक रिकामं पाकीट सापडलं. आत एक चिठ्ठी होती आणि न फोडलेलं एक लहान पाकीट होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की हे लहान पाकीट साध्या कपाशीचं आहे, ते शेताच्या कडेने पेरा, नाहीतर अळी बीटीलाही सरावते. गावात ते लहान पाकीट कोणीच पेरत नव्हतं. कोणी फेकून द्यायचं, कोणी उगवलं नाही तिथले नांगे भरायला वापरायचं. मंजुळाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, त्यात लवंगा ठेवण्याच्या विचारात होत्या.

त्या दिवसापासून अर्पिता सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागली. तापाच्या औषधाची चिठ्ठी, कुकरचं पुस्तक, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. अळीच्या दुसऱ्या वर्षानंतर अविनाशने चार एकर बटाईने दिलं आणि मशीन चालवण्याचं शिक्षण घेतलं, तेव्हा तिला वाटलं, चला, निदान या कामाला पुस्तक तरी आहे.

आणि पुस्तकात होतं ते भयंकर होतं. हा रोलर चाकं वळवून वळत नाही, तो कंबरेत वाकतो. पुढचा ड्रम एका भागात; इंजिन, सीट आणि मागची चाकं दुसऱ्या भागात; मधे कंबर. ड्रायव्हरने एका बोटाने स्टेअरिंग फिरवलं की तेलाचा दाब दहा टनांचं ते धूड मधोमध वाकवतो आणि त्या बाजूची फट मिटते. फटीत काय आहे, हे तेलाला कळत नाही.

आज अविनाशच्या परीक्षेचा दिवस होता. महिनाभर तो कच्चा ऑपरेटर होता. दुपारी तीन वाजता बांधकामचे इंजिनिअर साहेब नांदुऱ्याकडच्या रस्त्याचा शेवटचा थर बघायला येणार होते. त्यांनी मान हलवली तर ठेकेदार त्याला पुढच्या जळगाव जामोदच्या कामावर कायम करणार होता. नाही हलवली तर पुण्यात चुलतभावाने एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. त्या जागेसोबत एकट्यापुरती खोली होती. मंजुळाबाईंनी ऐनवेळी धावपळ नको म्हणून बॅग भरलीच होती. वर एक चादर घातली होती, म्हणजे ती बॅग आहे असं दिसू नये.

म्हणून अर्पिता डबा, वही आणि रेवा, तिन्ही घेऊन स्वतःच साइटवर निघाली.

साइटवर अर्धा रस्ता खडीने भरलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यातून कापसाच्या गाड्या नांदुऱ्याला जात होत्या. जेवणाची सुट्टी होती. रोलर रस्त्याकडेच्या निंबाच्या सावलीत, तोंड रस्त्याकडे तिरपं करून उभा होता. अविनाश आणि खडी पसरणाऱ्या बाया थोड्या अंतरावर विहिरीपाशी हात धूत होत्या.

"कायले आली व उन्हात?" अविनाश म्हणाला. "पोरीले घिऊन?"

"तुम्ही कागद वाचत नाही."

"वाचतो ना. पानी पेतो."

तो जेवायला बसला. अर्पिताने एक क्षण वहीत बघितलं आणि दोन वर्षांची रेवा नाहीशी झाली. ती सापडली रोलरच्या कंबरेत. सगळ्या परिसरात तीच जागा सर्वांत गार होती, हे लेकराने बरोबर ओळखलं होतं. ड्रम आणि चाक यांच्या मधल्या फटीत बसून ती नळ्यांना बोट लावून "साप, साप" म्हणत होती.

अर्पिताने तिला ओढून बाहेर काढलं. इंजिन बंद होतं, किल्ली अविनाशच्या खिशात होती, तो पन्नास पावलांवर बेसन खात होता. तरी तिने वही उघडली. पान चौतीस. 'मशीन उभं असताना कंबरेजवळ माणसाचा वावर असल्यास लॉक लावणे. दांडा आडवा घालून पिन बसवणे. आत माणूस असेतो पिनेला हात न लावणे.' शेवटची ओळ लाल शाईत होती.

दांडा चित्रात दाखवला होता तिथेच आकड्याला लटकत होता. तिने तो उचलला, पुढच्या भागातून मागच्या भागात आडवा घातला, लाल डोक्याची पिन वरून खाली बसवली, छोटी क्लिप लावली. रोलरची कंबर ताठ झाली. महिनाभरात पहिल्यांदा तिला शांत वाटलं. आता जाऊन अविनाशला सांगायचं, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात सुपरवायझर इंद्रभान फटफटीवर आला. उतरायच्या आधीच ओरडत होता.

"उठा बे! साहेब तीनचे दोनलेच येऊन राह्यले! अविनाश, टाक तो डबा! समोरचा शंभर फूट पट्टा एकदा मारून घे!"

अविनाश अर्धी भाकरी तोंडात घेऊन पळाला. "अहो, थांबा," अर्पिता म्हणाली, आणि नेमक्या त्याच वेळी तिला दिसलं की रेवाचे दोन्ही गाल फुगलेले आहेत. तोंडात खडी होती. अर्पिताने बोट घालून एक खडा काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. चौथा गालात दडवून रेवा "नाई, नाई" म्हणत राहिली. आपल्या पोटच्या लेकराच्या घशात रस्ता जाऊन राहिला आहे, या विचारापुढे जगातली दुसरी कुठलीही गोष्ट तिच्या डोक्यात राहिली नाही. चौथा खडा निघाला तेव्हा रोलर चालू होऊन निंबाच्या सावलीतून बाहेर पडला होता.

तो सरळ गेला. अविनाशने उजवीकडे स्टेअरिंग फिरवलं, तेलाचा पंप कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा किंचाळला आणि रोलर सरळच गेला. माणसाच्या चालीने, कुठलीही घाई न करता, त्याने मोकळा अर्धा रस्ता ओलांडला. ड्रम पलीकडच्या पाण्याच्या मोरीच्या कडेपासून दोन हातांवर आला तेव्हा अविनाशने तो थांबवला.

"मागं घे!" इंद्रभान ओरडला.

रोलर मागे घेता आला असता, पण मागे आता कडूबा होता. कडूबा म्हणजे कापसाची बैलगाडी घेऊन सकाळपासून वाटेत असलेला म्हातारा. निंबाखालची सावली मोकळी झाल्याबरोबर त्याने गाडी आत घातली होती, बैल सोडले होते आणि त्यांच्यापुढे कडबा टाकला होता.

"कडूबा, गाडी काढा!"

"आताच सोडले बैल. तासभर त्यायले जुपत नाई मी."

"इथी रोलर अडकला न!"

"तुयाल्या रोलरले तहान लागत नाई. माह्या बैलाले लागते."

पाच मिनिटांत कडूबाच्या मागे कापसाच्या तीन ट्रॅक्टर ट्रॉल्या लागल्या. पलीकडून एसटी आली. एसटीच्या मागे दोन ऑटो आले. खरेदी केंद्राचं फाटक चारला बंद होत असल्यामुळे ट्रॉलीवाले सतत हॉर्न वाजवत होते, आणि ट्रॉलीवाले वाजवत आहेत म्हणून एसटीवालाही वाजवत होता. रोलर मधोमध आडवा उभा होता. त्याला पुढे मोरी होती, मागे बैल होते आणि वळता येत नव्हतं.

अविनाश खाली उतरला. रोलरला फेरी मारली. कंबरेपाशी जरा थांबला. मग त्याने वर बघितलं ते नेमकं अर्पिताकडे. रागावले, असं अर्पिताला वाटलं. साइटवर यायला नको होतं.

"काय झालं बे?" इंद्रभानने विचारलं.

"तेल पायतो," अविनाश म्हणाला.

"तेल पायतो म्हने! बायका-पोरं घिऊन येता साइटवर, मंग असंच होते. थांब, मिस्त्रीलेच बलावतो."

शकील मिस्त्री नांदुऱ्याहून स्कूटरवर अर्ध्या तासात पोचला. गर्दीमुळे शेवटचा टप्पा तो कडूबाच्या बैलांच्या मधून आला. वाळलेला, पन्नाशीचा माणूस. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी बिस्मिल्ला म्हणायचा आणि मग पुस्तक मागायचा.

"किताब कुठी हाये?"

"किताबीले काय करता चाचा," इंद्रभान म्हणाला, "खोला न पंप."

"बीस साल पंपच खोलले ना भाऊ मी. किताब असती त पंधराच खोलले असते."

मूळ पुस्तक घरी देव्हाऱ्याशेजारी होतं. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत अर्पिताच्या काखेतल्या वहीवर आल्या.

"वा भाभी! सगळं मराठीत?" शकील मिस्त्रीने वही चाळली. "ही भैस कशाची हाये?"

"रोलर आहे तो."

"अच्छा. पढा भाभी तुम्हीच. स्टेअरिंग नाई फिरत त काय काय पायाचं?"

अर्पिताने रेवाला कडेवर घेऊन पान बासष्ट काढलं. ते तिने पंधरा दिवसांपूर्वी उतरवलं होतं. 'स्टेअरिंग फिरत नसल्यास. एक, तेलाची पातळी बघणे.' हे तिने मोठ्याने वाचलं आणि तिची नजर खाली घसरली. 'दोन, नळी दबली किंवा गळते का बघणे. तीन, तेलात हवा शिरली असल्यास काढणे.' आणि चार. चौथ्या ओळीखाली तिने स्वतः दोनदा रेघ मारली होती. 'लॉकची पिन काढली आहे ना, हे सर्वांत आधी बघणे.'

तिच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. पुस्तकवाल्यांनी सर्वांत आधी बघायची गोष्ट चौथ्या नंबरवर का लिहावी, हा प्रश्न तिला उतरवतानाच पडला होता. आता तो पुन्हा पडला.

"तेल बराबर हाये," शकील मिस्त्री काच पुसून म्हणाला.

"कमीच असन," एक ट्रॅक्टरवाला म्हणाला. "माह्यापाशी सरकीचं तेल हाये ट्रॉलीत. वता."

"सरकीचं नाही चालत!" अर्पिता म्हणाली.

"काऊन? आमी खातो त."

"खायला चालतं. स्टेअरिंगला नाही. पान बारा."

"पान बारा," शकील मिस्त्रीने त्याला सांगितलं आणि तेलाचा प्रश्न मिटला. "दोन काय हाये भाभी?"

सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पिन मी लावली, काढायची राहिली. पाच शब्द. पण समोर इंद्रभान होता, साठ-सत्तर माणसं होती, आणि पाच शब्दांनंतर इंद्रभान जे बोलला असता ते साहेबांपर्यंत गेलं असतं, आणि चादरीखालची बॅग बाहेर आली असती. त्यापेक्षा हळूच पिन काढून घ्यावी. तिने वहीतून मान वर न काढता रोलरकडे चार पावलं टाकली. सरकीचं तेल देऊ करणारा ट्रॅक्टरवाला नेमका पिनेच्या लाल डोक्यावर कोपर टेकवून तंबाखू मळत होता.

"भाऊ, जरा बाजूला व्हा ना."

"काय पायजे ताई?"

"काही नाही. सावली."

"सावली तिकडून हाये."

"दोन सांगा भाभी!" मिस्त्री पलीकडून ओरडला.

"नळी..." अर्पिता म्हणाली. "दबली... किंवा... गळते का."

तिने हे इतकं हळू वाचलं की तेवढ्यात एखाद्याची तंबाखू मळून, तोंडात जाऊन, थुंकूनही झाली असती. पण हा मळतच राहिला. आणि मिस्त्रीने हातात पाना घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि पलीकडच्या बाजूने तो रोलरच्या कंबरेत शिरला. तो इतका वाळलेला होता की गुडघ्यांसकट सगळा आत मावला.

ट्रॅक्टरवाल्याने चिमूट तोंडात टाकली, हात झटकले आणि तो बाजूला झाला. पिन मोकळी होती. हात पुढे केला की झालं असतं. अर्पिताने हात पुढे केला आणि मागे घेतला. आत माणूस असेतो पिनेला हात न लावणे. लाल शाई तिचीच होती.

वळून बघितलं तर मागे अविनाश उभा होता. तोही पिनेकडेच बघत होता. तिला वाटलं आता विचारेल. तो फक्त तिच्या आणि लोकांच्या मधे येऊन, कमरेवर हात ठेवून, पिनेसमोर उभा राहिला, फाटकापाशी वॉचमन उभा राहावा तसा.

मिस्त्री मधे एकदा बाहेर आला, घटाघटा पाणी प्यायला आणि पुन्हा आत गेला. इंद्रभानने त्याला बाहेर येताना बघितलं. आत जाताना बघितलं नाही, कारण त्याच वेळी त्याचा फोन वाजला.

"साहेब आले!" फोन कानालाच ठेवून तो म्हणाला. "एसटीच्या मांगं जीप अडकली त्यायची. अविनाश, जा, घिऊन ये साहेबाले. किल्ली दे इकडे."

"मी इथंच थांबतो. तुमी जा."

"मी जाऊ? साहेब इचारन, ऑपरेटर कुठी हाये? जा बे!"

अविनाशने किल्ली लगेच दिली नाही. "मिस्त्री काम करून राह्यले. चालू नका करू."

"मले अक्कल नाई काय?"

अविनाशने किल्ली दिली. तो गेला.

साहेब जीप सोडून पायी येत होते. बैलांना टाळून, पॅन्टचे पाय वर धरून येणारे साहेब इंद्रभानला लांबून दिसले आणि आपण नुसते उभे आहोत, हे बरं दिसणार नाही असं त्याला वाटलं. तो टुणकन सीटवर चढला. किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं.

"अहो! आत माणूस आहे!" अर्पिता ओरडली. तिन्ही ट्रॉल्या, एसटी आणि दोन्ही ऑटो त्या क्षणी हॉर्न वाजवत होते. रोलर चालू झाल्याचा आनंद होता तो. इंद्रभानने तिच्याकडे बघून हात हलवला आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग गरकन पूर्ण फिरवलं.

पंप किंचाळला. दहा टनांचं धूड मुळापासून थरथरलं. पत्रे वाजले. दांडा कर्रर्र झाला, पिन तिच्या भोकात तसूभर तिरपी झाली, आणि कंबर ताठच्या ताठ राहिली. फटीतून एक आवाज आला, जो पुस्तकात कुठेच दिलेला नव्हता.

अर्पिताने रेवाला शेजारच्या बाईच्या हातात कोंबलं, पायरीवर चढली आणि इंद्रभानच्या हाताखालून किल्ली फिरवून उपसून घेतली. आयुष्यात तिने कुठलंही मशीन बंद करण्याची ती पहिलीच वेळ होती. पान आठ.

हॉर्न थांबले. एसटीवालासुद्धा गप्प झाला. रोलरच्या कंबरेतून आधी पाना बाहेर पडला, मग शकील मिस्त्री. तो खडीवर बसला. कोणीतरी पाणी दिलं. ते त्याने डोक्यावर ओतून घेतलं. मग त्याला ती लाल पिन दिसली.

"ही पिन कोणी लावली?"

साहेब आणि अविनाश तेव्हाच पोचले होते. अविनाशने तोंड उघडलं.

"मी," अर्पिता आधी म्हणाली. "पण मिस्त्री, ऐका. मी ती जेवणाच्या सुट्टीतच लावली होती. पोरगी आत बसली होती म्हणून. काढायची राहिली. त्याच्यामुळेच तर स्टेअरिंग..."

"भाभी." शकील मिस्त्रीने हात वर केला. "बस. घरी चार पोरी हायेत माह्या."

"पण खरं सांगते, चूक माझीच..."

"कवाही लावली असन," कडूबा बैलांपाशून म्हणाला. "लावली न?"

"लावली," गर्दी म्हणाली.

"आमच्या वक्ती कोनी वाचनारं असतं घरात त..." कडूबा म्हणाला आणि त्याने आपल्या गाडीतल्या कापसाकडे बघितलं.

साहेबांनी वही मागितली. उभ्या उभ्या पान चौतीस वाचलं, पान बारा वाचलं, म्हशीच्या चित्रापाशी जरा थांबले. "दुरुस्तीच्या वेळी लॉक लावायचं, हे आमच्या खात्यातल्या ड्रायव्हरांना वीस वर्षं सांगतोय मी," ते म्हणाले. "तुमच्या साइटवर हे कोण शिकवतं?"

"आमीच, साहेब," इंद्रभान म्हणाला.

अविनाशने पिन काढली, दांडा आकड्याला लावला, वर चढला. स्टेअरिंग एका बोटाने फिरवलं. रोलर आळस दिल्यासारखा कंबरेत वाकला, मोरीला बगल देऊन वळला आणि खडीवर चढला. अडवलेला रस्ता मोकळा झाला. कापूस पुढे निघाला. कडूबाचे बैल मात्र तासभर पूर्ण झाल्याशिवाय उठले नाहीत.

"मग बिघाड नेमका काय होता?" साहेबांनी विचारलं.

शकील मिस्त्रीने रोलरकडे बघितलं, आकड्याला लटकणाऱ्या दांड्याकडे बघितलं, अर्पिताकडे बघितलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "हवा होती साहेब. निंगाली."

साहेबांनी मान हलवली. शेवटचा शंभर फूट पट्टा बघतानाही हलवली.

संध्याकाळी मंजुळाबाईंनी चादर काढली, बॅग उपसली आणि अविनाशचे शर्ट पुन्हा खुंटीला लावले. अर्पिताने जेवणाची पानं वाढली. लोक दिवसभर तिला शाबासकी देत होते आणि प्रत्येक शाबासकीबरोबर ती जास्त खोटारडी होत होती.

"एक सांगायचंय," ती शेवटी म्हणाली. "स्टेअरिंगमध्ये हवा नव्हती."

"मालूम हाये," अविनाश भाकरी मोडत म्हणाला. "पिन होती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"उतरलो तवाच. फेरी मारली न, तवा."

"मग काढली का नाही?"

"इंद्रभान समोर होता. म्हनला असता, बायकोनं रोलर बांधून ठेवला. मंग तो तंबाखूवाला येऊन टेकला. मंग मिस्त्री आत घुसला." त्याने ठेच्याचं भांडं पुढे ओढलं. "आत मानूस हाये त पिनेले हात लावाचा नाई. लाल शाईनं लिहून ठेवते तू, आन मलेच इचारते."

अर्पिता त्याच्याकडे बघत राहिली. महिनाभर तिला वाटत होतं की हा माणूस फक्त पाणी पितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराकडून एक पार्सल आलं. जळगाव जामोदच्या कामासाठी रस्ता समतल करायचं नवं ग्रेडर येणार होतं. त्याचं इंग्रजी पुस्तक तीनशे बारा पानांचं होतं. सोबत निरोप होता की वहिनींना म्हणावं, सवडीने करा, सगळ्या ऑपरेटरना वाचून दाखवायचं आहे. चित्रं नसली तरी चालतील.

तिने ते पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि आधी जुनी वही काढली. पान चौतीसमध्ये एक ओळ वाढवायची होती. ती तिने लाल शाईत, ठळक लिहिली: 'मशीन सुरू करण्याआधी पिन काढली का ते बघणे.' मग डबा भरून दाराशी ठेवला आणि शाई वाळेपर्यंत पाणी भरायला गेली.

परत आली तेव्हा अविनाश डबा घेऊन कामावर निघून गेला होता. वही उघडीच होती. लाल ओळीच्या खाली, पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात अजून एक ओळ होती: 'आन बायको साइटवर आली होती काय, ते आधी इचारने.'